शेवटचा हात कुणाचा?

मी आजही कुठे गाडी उभी दिसली की आधी तिच्या मागच्या डाव्या चाकाकडे बघतो. मुलगा हसतो. त्याने नवी गाडी घेतली त्या दिवशी शोरूमच्या पोराने हातातल्या हातात एक बटण दाबलं आणि वीस पावलांवरची गाडी आपोआप चालू झाली. घरच्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र सुनेचा हात धरला आणि तिला गाडीच्या समोरून बाजूला ओढलं. ती बिचारी घाबरलीच.

"बाबा, गाडी गिअरात असेल तर हे बटण चालतच नाही," मुलगा म्हणाला.

म्हणजे कुणीतरी, कुठल्यातरी देशात, एवढं शोधून काढलं तर. आमच्या रघूमिस्त्रींना ते सुचलं नव्हतं. बाकी सगळं सुचलं होतं, तेही कुणाला न विचारता, पोलादपूरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये बसून.

पोलादपूर एसटी स्टँडच्या जरा पुढे, हायवेला लागून त्यांची शेड होती. गाड्यांची वायरिंग, डायनॅमो आणि सेल्फ, म्हणजे ज्याच्यावर इंजिन चालू होतं ती मोटर, एवढंच काम ते करत. पंक्चरवाला शेजारी, इंजिनवाला पलीकडे. खाकी अर्धी चड्डी, बिनबाह्यांचा बनियन, आणि तुटलेल्या दांडीच्या जागी तांब्याची वायर गुंडाळलेला चष्मा. आवाज कधी चढवत नसत. बंद पडलेल्या सेल्फला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावायचं, मूठ कानाला लावायची आणि ड्रायव्हरला सांगायचं, "मार." तेवढ्यावर त्यांना कळे. मग ते मान वर करून त्यांचा तो ठरलेला प्रश्न विचारत:

"शेवटचा हात कुणाचा?"

गाडीला काय झालं, हे ते कधीच विचारत नसत. गाडी चांगली चालत होती, मग कुणाचा तरी हात लागला आणि ती बिघडली, असा त्यांचा हिशेब. तो हात सापडला की बिघाड सापडला. भलेभले ड्रायव्हर त्या प्रश्नाला वचकून असत, कारण खरं सांगितल्याशिवाय मिस्त्री पान्याला हात लावत नसत. बाकड्यावर बसून राहत. "बोलल्यानं वायर जळत नाय रे," म्हणत. "न बोलल्यानं जळतं."

मी त्यांना पहिल्यांदा भेटलो तो असाच. सत्तरच्या दशकाची पहिली वर्षं. मी पंचविशीतला, लायसन नवं, एका मालकाच्या ट्रकवर होतो. कशेडी घाट चढण्याआधी चहाला गाडी थांबवली आणि पुन्हा सुरूच होईना. मिस्त्रींनी प्रश्न विचारला. मी आदल्या दिवशी शहाणपणा करून बॅटरीची वायर स्वतः आवळली होती. खोटं बोलायची तयारी झाली होती, पण त्यांच्या त्या चष्म्यातून बघण्यात काहीतरी होतं. म्हटलं, "माझाच."

मिस्त्री हसले. "चला, अर्धं काम झालं," म्हणाले, आणि मला चहा पाजला. बाकीचं अर्धं काम पाच मिनिटांचं होतं. जाताना विचारलं, "कुठला रे तू?"

"कापड्याचा. बौद्धवाडीतला." मी दोन्ही एकदमच सांगून टाकत असे, जात मागाहून कळली की माणसांचे चेहरे बदलतात म्हणून. मिस्त्रींचा बदलला नाही. ते स्वतः डोंगरातल्या एका वाडीतले कुणबी. "कापडं म्हंजे हितंच की. येत जा," एवढंच म्हणाले.

मी येत गेलो. मालकाची गाडी सुटली आणि हाताला काम नव्हतं, त्या दोन-तीन महिन्यांत तर रोजच. मिस्त्रींनी मला वायरिंग शिकवलं ते शिकवतो असं न म्हणता. एकदा शिवथरच्या बाजूला एकाची जीप बघायला गेलो होतो. काम झालं, घरातून चहा आला. मिस्त्रींना कपबशी, मला जर्मनचं टमरेल. मला त्यात नवल नव्हतं. मिस्त्रींनी टमरेल उचललं, स्वतःच्या तोंडाला लावलं आणि कपबशी माझ्याकडे सरकवली. घरधनी चुळबुळला. तेव्हा मिस्त्री शांतपणे म्हणाले, "ह्याचा हात माझ्यापेक्षा साफ हाय. तुमच्या जीपला हाच लावलाय. आता जीप धुवून काढा."

परत येताना मिस्त्रींची हत्यारांची पिशवी मी माझ्या खांद्यावर घेतली. माझ्या बापाने मला जे दिलं नव्हतं ते या माणसाने दिलं, असं तेव्हा वाटलं होतं. आज हे लिहिताना राग येतो, तरी ते वाटलं होतं हे खरं आहे आणि ते मी खोडणार नाही.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे दगड. आमच्याकडे सपाट जागा म्हणून नाहीच. गाडी कुठेही उभी करा, ती कुठल्या तरी बाजूला उतरणारच. हँडब्रेकवर विश्वास ठेवणारा ड्रायव्हर मिस्त्रींच्या लेखी वेडा. तरुणपणी ट्रकवर क्लीनर असताना त्यांच्या डोळ्यांसमोर एक उभी गाडी मागे सरकली होती आणि मागे एक माणूस जेवत बसला होता. पुढचं ते सांगत नसत. तेव्हापासून "गाडी पयल्या गिअरात, दगड चाकाखाली" हे त्यांचं पालुपद. सावित्रीच्या पात्रातून हाताच्या मापाचे काळे दगड निवडून आणत आणि शेडच्या भिंतीला ओळीने मांडून ठेवत. गिऱ्हाईक ड्रायव्हरला जाताना एक देत. तोंडात घास असताना ताट सोडून पळत जाऊन त्यांनी परक्याच्या चाकाखाली दगड सरकवलेला मी पाहिला आहे. त्यांचा स्वतःचा एक खास दगड होता, मधोमध पांढरा पट्टा असलेला. तो हत्यारांच्या पिशवीतच असे.

मिस्त्रींच्याच शब्दावर मला महाडला डॉक्टरांकडे ड्रायव्हरची नोकरी लागली. "माझा माणूस हाय," एवढं ते बोलले आणि डॉक्टरांनी लायसनसुद्धा पाहिलं नाही. डॉक्टर भले गृहस्थ. अँब्युलन्स तेव्हा कुठली मिळायला, त्यामुळे आसपासच्या खेड्यांतलं कुणी अडलं की डॉक्टरांची अँबॅसडर निघे. पण पावसाळ्यात त्या गाडीला सर्दी होई. सकाळी अर्धा तास ती नुसती खोकत राही. त्यात गॅरेजचं शटर असं जड की उघडायला दोन माणसं लागत.

डॉक्टर एकदा मिस्त्रींपुढे कुरकुरले आणि मिस्त्री महिनाभर गप्प झाले. काहीतरी डोक्यात शिरलं की ते असे गप्प होत. मग ऐंशीच्या आसपासच्या एका उन्हाळ्यात पिशव्या भरून सामान घेऊन महाडला आले. बंद पडलेल्या गिरणीची मोटर, सायकलच्या चेन, भंगारातल्या ट्रकचा रिले, दारावरच्या घंटीची दोन बटणं. पंधरा दिवस आम्ही दोघं त्या गॅरेजात होतो. शटरच्या वर आतल्या बाजूला मोटर बसवली, आणि गॅरेजपासून घराच्या व्हरांड्यापर्यंत पाइपातून वायर नेली. पहिलं बटण दाबलं की शटर कुरकुरत वर जाई. दुसरं दाबलं की गॅरेजातली गाडी, आत कुणी नसताना, चालू होई.

ज्या दिवशी ते पहिल्यांदा चाललं त्या दिवशी आळी लोटली होती. डॉक्टरांनी मिस्त्रींना हार घातला. मिस्त्री लाजून व्हरांड्याच्या खांबाआड उभे राहिले आणि मला म्हणाले, "शांत्या, बघ, मानसं गाडीकडं बघतात का माझ्याकडं?" मी म्हटलं, "तुमच्याकडं." मला त्यांचा इतका अभिमान वाटला की डोळे पुसावे लागले.

त्या संध्याकाळी त्यांनी मला एकट्याला गॅरेजात नेलं.

"आता ऐक. ह्या एका गॅरेजात माझा कायदा उलटा. हितं गिअर नाय, दगड नाय. गाडी न्यूट्रल आनि हँडब्रेक. गाडी गिअरात असंल आनि डॉक्टरांनी बटण दाबलं तर काय व्हईल?"

"उडी मारंल."

"कुनाच्या तरी अंगावर," ते म्हणाले.

त्यासाठी त्यांनी पत्र्याची एक पाटी केली होती, एका बाजूने हिरवी, दुसऱ्या बाजूने लाल. गाडी न्यूट्रलला लावली की मी जाऊन बटणाशेजारची पाटी हिरवी करायची. हिरवी असल्याशिवाय डॉक्टर बटणाला हात लावणार नाहीत. हाताला वळण लागायला मला महिना गेला. जन्मभराची सवय, हात आपसूक पहिल्या गिअरकडे जाई. पण लागलं. दोन पावसाळे सगळं बिनबोभाट चाललं. सकाळी सातला मी फाटकातून आत आलो की डॉक्टर व्हरांड्यातून बटण दाबत, आणि मी हातपाय धुईपर्यंत गाडी गरम झालेली असे.

तिसऱ्या वर्षीचा श्रावण. एका दुपारी मी सुट्टी घेऊन कापड्याला गेलो. जाताना गाडी लावली, न्यूट्रलला, हँडब्रेक ओढला, पाटी हिरवी केली. किल्ली नेहमीप्रमाणे गॅरेजातल्या खिळ्याला. डॉक्टर दवाखान्यात, डॉक्टरीणबाई माहेरी. शटरची चेन कुरकुरते म्हणून मिस्त्री त्या दुपारी येऊन तेल देऊन जाणार होते, हे सगळ्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने मी आलो. सात वाजले होते. डॉक्टरांचं गॅरेज रस्त्यापेक्षा खाली, दारापासून फाटकापर्यंत चढण. त्या चढणीवर सोनूबाई झाडत होती. सोनूबाई जवळच्या नाते गावची, डॉक्टरांकडे धुणंभांडी करायची; मला शांताराम न म्हणता भावा म्हणायची. शटर वर गेलेलं होतं. डॉक्टरांनी मला पाहिलं, पाटी पाहिली आणि बटण दाबलं.

गाडीने उडी मारली. इंजिन चालू झालं आणि ती तशीच चढणीवर धावली. मी ओरडलो, सोनूबाईने मागे वळून पाहिलं, आणि गाडी तिला घेऊन फाटकाच्या खांबावर आदळून बंद पडली.

जीव वाचला. उजवा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला. डॉक्टरांनी तिला तिथेच खाली बसून बांधलं, दुसऱ्याच्या जीपमधून पुढे पाठवलं. जाताना ती माझ्याकडे बघून म्हणाली, "भावा, इसरलास काय रे?"

तेवढ्यात कुणीतरी गाडीत वाकून पाहिलं आणि म्हणालं, गिअरात आहे. सगळे माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "मी न्यूट्रलला लावली होती." हिरवी पाटी सगळ्यांच्या समोर लटकत होती.

मी गॅरेजात गेलो. आणि तिथे, रिकाम्या फरशीवर, जिथे गाडीचं मागचं डावं चाक असायला हवं होतं त्याच्या बरोब्बर मागे, एक काळा दगड ठेवलेला होता. मधोमध पांढरा पट्टा.

मला सगळं एका क्षणात दिसलं. मोटर शटरच्या वर, तिच्याखाली गाडीचं तोंड. शिडी लावायला जागा हवी म्हणून मिस्त्रींनी किल्ली काढली, गाडी बाहेर घेतली, चेनला तेल दिलं, गाडी परत आत लावली. आणि तीस वर्षांच्या सवयीने पहिला गिअर टाकला, पिशवीतला दगड काढून चाकाखाली ठेवला, हात पुसले आणि निघाले. मला ज्या सवयीपासून त्यांनी महिनाभर धरून सोडवलं, ती त्यांची स्वतःची कुणी सोडवली नव्हती. इथपर्यंत मला त्यांचा राग नव्हता. खरंच नव्हता. मला त्यांची कीव आली. माणूस आहे, हात आहे, जातो सवयीने.

निरोप गेला आणि दहाच्या एसटीने मिस्त्री आले. मी व्हरांड्याच्या पायरीवर दगड दोन्ही हातांत धरून बसलो होतो. डॉक्टर वर खुर्चीत. शेजारपाजारचे आठ-दहा लोक. डॉक्टर थकलेल्या आवाजात म्हणाले, "मिस्त्री, तुमचाच प्रश्न तुम्हाला विचारतो. शेवटचा हात कुणाचा?"

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातांकडे. दगडावर त्यांची नजर थांबली, आणि चष्मा काढून ते बनियनला पुसायला लागले.

मी वाट पाहत होतो. ते बोलणार याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. आयुष्यभर ज्याने दुसऱ्यांच्या तोंडून खरं काढलं तो माणूस चार शब्दांचं उत्तर द्यायला किती वेळ घेणार?

"मी चेनला तेल दिलं," मिस्त्री म्हणाले. "गाडीला हात नाय लावला."

कुणीतरी सुस्कारा सोडला. मिस्त्री पुढे बोलले, आणि ते बोलले नसते तर कदाचित मी त्यांना कधीतरी माफ केलं असतं.

"शांत्या चांगला पोर हाय, डॉक्टर. इसरला आसंल. होतं आसं. त्याला सांभाळून घ्या."

मी दगड दाखवून एक वाक्य बोललो असतो तर संपलं असतं. का बोललो नाही, हे मला बायकोने पुढे शंभर वेळा विचारलं. चारचौघांत त्यांना खोटं पाडायला जीभ उचलली नाही. ज्या तोंडाला त्यांनी ते टमरेल लावलं होतं त्या तोंडाला मी खोटं म्हणू? आणि खरं सांगायचं तर तेव्हाही वाटत होतं की आत्ता, या क्षणी, ते मागे वळतील. ते फाटकापर्यंत गेले. फाटकाच्या वाकलेल्या खांबाला हात लावून पाहिला. वळले नाहीत.

डॉक्टर ओरडले नाहीत. "उद्यापासून येऊ नकोस, शांताराम," एवढंच म्हणाले. त्याच आठवड्यात व्हरांड्यातली बटणं काढून टाकली. महाडात मला कुणी स्टिअरिंगला हात लावू देईना. "बटणवाला ड्रायव्हर" हे नाव माझ्याआधी पोचलेलं असे. महिन्याभराने मिस्त्रींचा निरोप आला, शेडवर ये, मी तुला ठेवतो. तो निरोप ऐकून मी जेवणाचं ताट भिरकावलं होतं.

सोनूबाई वर्षभराने महाडच्या बाजारात दिसली. काठी होती. मी पुढे झालो तर तिने पदर सावरला आणि दुकानाच्या पायरीवर चढून पाठ फिरवली. त्या रात्री पहिल्यांदा मला वाटलं, खरंच मीच तर विसरलो नसेन? माणूस विसरतो. दगड उशाशी घेऊन बसलो आणि पुन्हा पुन्हा आठवलं: न्यूट्रल, हँडब्रेक, पाटी. मिस्त्रींनी माझी नोकरी घालवली हे मी पचवलं असतं. माझ्या हातावरचा माझाच भरवसा घालवला, ते नाही पचलं.

पुढे पनवेलकडच्या एका मालकाच्या ट्रकवर लागलो. गोव्याच्या फेऱ्या. पोलादपूरवरून शेकडो वेळा गेलो आणि एकदाही थांबलो नाही. माणगावला सेल्फ कुरकुरला तर धक्का मारून गाडी चालू केली, पण मिस्त्रींच्या शेडपुढे उभा राहिलो नाही. तो पट्ट्याचा दगड मात्र केबिनमध्ये सीटखाली असे. चाकाला तोच लावत होतो.

आणि एका दुपारी, सहा-सात वर्षांनी, ट्रक बंद पडला तो नेमका तिथे. शेडपासून हाकेच्या अंतरावर, चढावर. मी उतरलो, सवयीने दगड मागच्या डाव्या चाकाला लावला आणि उभा राहिलो. मिस्त्री स्वतःच आले. पार वाळले होते. चष्म्याची दुसरी दांडीही वायरची झाली होती. त्यांनी मला ओळखलं, मी त्यांना. ते स्क्रूड्रायव्हर घेऊन गाडीखाली शिरले.

मी त्यांच्या प्रश्नाची वाट पाहत होतो. येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे तो. त्यांनी विचारला नाही.

खाली खुडबुड चालू होती, मग ती थांबली. मी वाकून पाहिलं. मिस्त्री उताणे पडले होते आणि मान वळवून चाकाकडे बघत होते. बराच वेळ. मग पुन्हा पान्याचा आवाज सुरू झाला.

बाहेर आले तेव्हा हात काळे, चेहरा कोरडा. "मार सेल्फ," म्हणाले. मी वर चढून मारला. इंजिन चालू झालं. ते खाली चाकाशी गेले, दगड काढला आणि माझ्या खिडकीखाली येऊन तो वर धरला, घे म्हणून.

मी हात पुढे केला नाही.

"मिस्त्री," मी म्हटलं, "मला काय नको. माझं होऊन गेलं. पन नात्याला सोनूबाई हाय अजून. काठी घेऊन चालती. तिला वाटतं मी इसरलो. तिला तरी एकदा सांगा, शेवटचा हात कुनाचा."

त्यांचे ओठ हलले. मी इंजिनचा आवाज खाली आणला, नीट ऐकू यावं म्हणून. मिस्त्री म्हणाले, "जा रे आता. घाटात ऊन तापंल."

मी क्लच सोडला. आरशात ते हायवेच्या कडेला उभे दिसत होते, भर उन्हात, तो दगड पोटाशी धरून. समोर त्यांच्याच शेडची भिंत होती आणि भिंतीला दगडांची ओळ होती. तिथे तो नेऊन ठेवायला त्यांना दहा पावलं लागली असती. घाटाचं पहिलं वळण येईपर्यंत मी आरशात बघत होतो. ते जागचे हलले नाहीत.

पुढच्या दिवाळीत मी नात्याला गेलो. सोनूबाईच्या दारात उभा राहून विचारलं, "पोलादपूरचे मिस्त्री आले होते का गो कधी?" ती म्हणाली, "नाय. त्यांनी कशाला यायचं?"